डोंगर उतरल्यावर काठमांडू

आमच्या हिंगणीची दोन मुले हिमालयात जायला निघाली, तेव्हा निरोप घ्यायला माझ्याकडे आली होती. महिनाभर त्यांचा सराव चालला होता. बोरचे जंगल २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प झाले आहे, त्यामुळे तिथे आता वाटेल तसे पायी भटकता येत नाही. म्हणून बिचारी पहाटे उठून पाठीवर धान्याचे ओझे बांधून धरणाच्या रस्त्याने चालत असत. बेत सगळा कागदावर मांडलेला. काठमांडू, तिथून छोट्या विमानाने लुक्ला, पुढे एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत पायी, आणि त्याच वाटेने माघारी. मुले या प्रकाराला ट्रेक म्हणतात. आपण पदभ्रमण म्हणू. त्यातला मोठा मला म्हणाला, "बाकी सगळं जमलं काका, पण काठमांडूत दोन दिवस फुकट जाऊन राहिले. त्याचं काय करावं?"

वाचकहो, हा "फुकट" शब्द माझ्या मनाला लागला. त्या वेळी मुलांना मी जे सांगितले, तेच थोडे नीट जुळवून तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या घरातले कोणी ना कोणी उद्या तिकडे जाणारच आहे. आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, हौस वाढली आहे, आणि बर्फाचे डोंगर कोणाला बघावेसे वाटत नाहीत?

पहिली गोष्ट, शहर आधी पाहावे की मागाहून? माझे मत विचाराल तर मागाहून. जाताना चित्त ठिकाणावर नसते. बुटांची नाडी, औषधांची पुडी, परवान्याचे कागद, लुक्ल्याचे विमान उडेल की नाही याची धास्ती. अशा मनःस्थितीत माणूस देवळापुढे उभा राहतो खरा, पण बघतो आकाशाकडे. शिवाय लुक्ल्याच्या विमानांचा भरवसा हवामानावर. ढग उतरले की एक दिवस, कधी दोन दिवस तिथेच मुक्काम. म्हणून परतीच्या बाजूला दोन-तीन दिवस हातचे राखावेच लागतात. विमान वेळेवर मिळाले तर ते दिवस काठमांडूचे. आणि डोंगर उतरून आलेल्या माणसाला एक गोष्ट कळलेली असते, ती म्हणजे अंतर. दहा मैल म्हणजे काय, हे त्याच्या पोटऱ्यांना ठाऊक झालेले असते. काठमांडूचा इतिहास समजायला या ज्ञानाची फार गरज आहे.

कारण असे की, आपण आज शहर गाठून मग चालायला लागतो. पूर्वी चालून चालून शहर गाठावे लागे. १९५६ साली त्रिभुवन राजपथ पुरा झाला, तोवर हिंदुस्थानातून काठमांडूला मोटारीचा सलग रस्ताच नव्हता. रक्सौलहून तराईचे जंगल ओलांडायचे, भीमफेदीला डोंगर सुरू व्हायचा, मग चिसापानीची गढी, चितलांगचे खोरे, शेवटी चंद्रागिरीची खिंड, आणि खाली उतरले की थानकोट. राणा सरदारांना मोटारींचा भारी शौक. पण मोटारी डोंगर चढणार कशा? तर त्या बांबूंवर बांधून हमालांच्या खांद्यांवरून खिंडीपार नेत. त्याची छायाचित्रे आहेत. पन्नाससाठ माणसांच्या खांद्यावर निघालेली मोटार एकदा पाहिली की विसरत नाही. परकी माणसे आत येऊ नयेत असाच राणांचा रिवाज होता. आपल्याकडच्या सामान्य यात्रेकरूला दरवाजा उघडे तो मुख्यतः शिवरात्रीला, पशुपतिनाथाच्या दर्शनापुरता, थोड्या दिवसांसाठी. पदभ्रमण हा धंदा म्हणून तिथे सुरू झाला तो फार अलीकडे, १९६४ साली जिमी रॉबर्ट्स या निवृत्त इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पहिली संस्था काढली तेव्हा.

चंद्रागिरीच्या टेकडीवर २०१६ पासून पाळण्याची दोरवाट झाली आहे. सकाळी लवकर गेलात तर वरून सगळे खोरे दिसते. गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाह याने या डोंगरावरूनच हे खोरे पाहिले आणि ते घेण्याची इच्छा धरली, अशी तिकडची परंपरा सांगते. सप्टेंबर १७६८ मध्ये, इंद्रजात्रेच्या उत्सवात लोक दंग असताना, त्याने काठमांडू घेतले. आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे गादीवर होते आणि पानिपताला सात वर्षे झाली होती. एवढे ध्यानात ठेवून खाली उतरा आणि सरळ हनुमान ढोक्याला जा.

हनुमान ढोका म्हणजे जुना राजवाडा. दारातच शेंदूर माखलेला मारुती आहे, म्हणून हे नाव. हा मारुती प्रताप मल्लाने १६७२ साली बसवला. प्रताप मल्ल हा मोठा हौशी राजा होता. स्वतःला कवी म्हणवून घेई आणि भाषांचा त्याला भारी अभिमान. राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीत त्याने कालिकेच्या स्तुतीचा एक शिलालेख बसवला आहे. त्यात नाना लिप्यांचे नमुने एकत्र केले आहेत, आणि मध्येच फ्रेंच व इंग्रजीतले हिवाळा आणि शरद ऋतू यांचे शब्द कोरले आहेत! सतराव्या शतकातल्या, डोंगरांनी वेढलेल्या या राजाला ते कोणा पाद्र्याकडून मिळाले असावेत. हे अक्षरशः कोपऱ्यात आहे. घाईचा प्रवासी त्यावरून सरळ पुढे जातो. तुम्ही थांबा.

तिथून चार पावलांवर काष्ठमंडप. याच्याच नावावरून शहराचे नाव पडले. हे मूळचे वाटसरूंना टेकायला बांधलेले लाकडी विश्रामस्थान. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात ते जमीनदोस्त झाले. त्या दुपारी तिथे रक्तदानाचे शिबिर चालले होते, आणि रक्त द्यायला आलेली माणसे खाली सापडली. ढिगारा उपसल्यावर पुराणवस्तुवाल्यांनी खोदून पाहिले, तेव्हा पाया पार सातव्या शतकापर्यंत मागे जातो असे आढळले. त्याआधी इमारत बाराव्या शतकाच्या सुमाराची समजत. मग गावच्या लोकांनी चळवळ करून, जुन्याच पद्धतीने, लाकूड-विटा-मातीत ते पुन्हा उभारले. म्हणजे आज तुम्ही पाहाल ते लाकूड बरेचसे नवे. काहीजण म्हणतात, मग त्यात जुने ते काय राहिले? मला हा प्रश्न पटत नाही. आपल्या गावच्या देवळाचे शिखर तीनदा बांधले तरी देऊळ तेच असते, नाही का?

इथे एक नजर छपरांकडे टाका. तिकडची जुनी कवेलू लहान, हाताच्या पंजाएवढी, एकात एक अडकवून बसवलेली. त्यांना तिथे झिंगटी म्हणतात. आपल्याकडची मंडळी कौले म्हणोत वा कवेलू म्हणोत, वस्तू एकच, भाजलेल्या मातीची. ही झिंगटी लक्षात असू द्या. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता हनुमान ढोका सोडून दक्षिणेला, बागमती नदीच्या बाजूला चला. अर्ध्या-पाऊण तासाची पायपीट. ठिकाणाचे नाव थापाथली. वाटाड्याच्या पुस्तकात याला फारसे महत्त्व नसते. मराठी माणसाने मात्र इथे यावे, आणि का यावे ते सांगण्यासाठी थोडे आपल्या मुलखात परत यावे लागेल.

हिंगणी हा सगळा टापू पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रजांनी नेपाळशी युद्ध केले. नेपाळचा मुखत्यार भीमसेन थापा मराठ्यांना आणि शिखांना साद घालत होता, पण कोणी उठले नाही. सगौलीचा तह झाला, नेपाळचा पुष्कळ मुलूख गेला आणि काठमांडूत इंग्रज रेसिडेंट येऊन बसला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि नागपूरचे अप्पासाहेब भोसले हरले. अप्पासाहेब कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत लपले, आणि पुढे भटकत भटकत पंजाबात व तिथून हिमालयातल्या मंडी संस्थानात आश्रयाला गेले. अखेर १८४० साली जोधपुरात वारले. हरलेल्या राजाने डोंगराची वाट धरावी, हे आपल्याकडे असे आधीपासून चालत आले आहे.

चाळीस वर्षांनी तीच वाट पेशव्यांच्या घराण्याने धरली. दुसरे बाजीराव १८५१ साली ब्रह्मावर्तास वारले. दत्तक पुत्र नानासाहेबांचा आठ लाखांचा तनखा इंग्रजांनी नाकारला. तीन वर्षांनी, १८५४ मध्ये, औरस वारस नाही या सबबीवर नागपूरचे राज्यही खालसा झाले आणि भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्यात लिलावाला चढले. पुढे सत्तावनचा वणवा पेटला आणि विझला. १८५९ च्या आरंभी नानासाहेब, बाळासाहेब, अवधची बेगम हजरत महल आणि त्यांची हजारो माणसे रापती नदीपलीकडे नेपाळच्या तराईत शिरली.

नेपाळचा सर्वेसर्वा तेव्हा जंगबहादुर राणा. सप्टेंबर १८४६ मध्ये हनुमान ढोक्याजवळच्या कोटात एका रात्रीत सरदारांची कत्तल झाली आणि त्या रक्तातून हा माणूस सत्तेवर आला. सत्तावनात तो इंग्रजांच्या बाजूने होता. हजारो गुरखे घेऊन तो स्वतः लखनौवर चालून गेला होता. म्हणजे नानासाहेब ज्याच्या दारी गेले, तो त्यांच्या शत्रूचा मित्र. पुरुषांना त्याने थारा दिला नाही. तराईच्या हिवतापात माणसे पटापट मेली. सप्टेंबर १८५९ मध्ये नानासाहेबही तापाने गेले, असे जंगबहादुराने इंग्रजांना कळवले. इंग्रजांचा यावर पुरता विश्वास कधी बसला नाही. १८७४ साली ग्वाल्हेरकडे एक जण नाना म्हणून धरला गेला. ओळखपरेड झाली, चौकश्या झाल्या, आणि तो तोतया निघाला.

पण बायकांना जंगबहादुराने आश्रय दिला. बाजीरावांच्या विधवा आणि नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई यांना थापाथलीजवळ, स्वतःच्या राजवाड्याच्या सावलीत, राहायला जागा मिळाली. हजरत महल काठमांडूतच राहिली, आणि १८७९ साली तिथेच वारली. तिची कबर शहराच्या मध्यात जामा मशिदीपाशी आहे. ती अवश्य पाहा. पेशव्यांचा प्रसिद्ध नवलखा हार मात्र जंगबहादुराच्या खजिन्यात गेला. पुढे तो दरभंग्याच्या महाराजांकडे पोहोचला. आसरा दिला हे खरे, आणि हार घेतला हेही खरे. जंगबहादुराबद्दल एकच काही बोलता येत नाही ते यामुळे.

मला राहून राहून काशीबाईंचा विचार येतो. कुठे ब्रह्मावर्ताचा वाडा आणि कुठे हे थंड खोरे! भाषा वेगळी, सणवार थोडे ओळखीचे थोडे अनोळखी. आणि त्याहून अवघड गोष्ट आपल्या बायकांना सांगावी लागणार नाही. नाना गेले असे मानावे तर काशीबाई विधवा. नाना आहेत असे मानावे तर त्या सवाष्ण, आणि मग नवरा आहे कुठे, हा प्रश्न रेसिडेंटाच्या कचेरीतून आलाच! एका बाईच्या कपाळावरचे कुंकू ही जिथे राजकारणाची बाब होते, तिथे ती दिवस कसे काढत असेल? नानासाहेबांवर आपण पोवाडे ऐकले, भाषणे ऐकली, वाद केले. या बाईंनी मराठी कोणाशी बोलून दिवस ढकलले, हे कोणी विचारीत नाही.

पुढची चाळीस वर्षे जातात आणि काठमांडूत दुसरा मराठी माणूस येतो. तोही नाव लपवून.

विसाव्या शतकाची पहिली काही वर्षे. गादीवर चंद्र शमशेर, म्हणजे १९०१ पासूनचे पंतप्रधान. पुण्याच्या चित्रशाळेचे वासुकाका जोशी आणि केसरीतले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी नेपाळात जाऊन बस्तान बसवले. खाडिलकर तिथे कृष्णराव झाले आणि त्यांनी कारखाना काढला. कसला? कौलांचा! वरवर कौले, आत मनसुबा बंदुका तयार करण्याचा. टिळकांच्या वर्तुळातला हा गुप्त बेत होता. युक्ती पाहा कशी नामी. कारखान्याला भट्टी लागते, धूर निघतो, लोखंडी यंत्रे मागवावी लागतात, साचे लागतात, हमाल लागतात. कौलांच्या कारखान्याला हे सगळे शोभते. झिंगटीखाली राहणाऱ्या शहरात कौले करणाऱ्या परदेशी कृष्णरावाकडे कोण संशयाने पाहील? आणि बंदूक घडवणे नेपाळात अगदीच नवलाचे नव्हते. गेहेंद्र शमशेर या राणाने त्याच्या थोडे आधी स्वतः एक यांत्रिक तोफ बनवली होती. स्वयंभूच्या टेकडीजवळ छाउनीला राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते मूळचे शस्त्रागारच. तिथल्या बंदुका-तोफांपुढे उभे राहिले की खाडिलकरांच्या मनात काय असेल याचा थोडा अंदाज येतो.

बेत तडीस गेला नाही. इकडे सुगावा लागण्याची वेळ आली आणि खाडिलकरांना गाशा गुंडाळून परतावे लागले. १९०७ साली त्यांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सरकारनेही पाहिला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र दुसरेच दिसते. कीचकाची गोष्ट घडते कधी? पांडव अज्ञातवासात असताना. परक्या राजाच्या नगरात, नाव बदलून, कोणी आचारी होऊन तर कोणी घोडे सांभाळून दिवस काढताहेत. काठमांडूत कौले भाजत बसलेला कृष्णराव दुसरे काय करीत होता? खाडिलकरांनी तसे कुठे म्हटले आहे असा माझा दावा नाही. वाचणाऱ्याच्या मनात आलेली गोष्ट सांगितली. आपण वऱ्हाडातली माणसे तर चिखलदऱ्याच्या दरीला कीचकाची दरी म्हणत आलो, तेव्हा या कथेवर आपला थोडा हक्कही आहे.

त्याच चंद्र शमशेराच्या काळातली आणखी एक गोष्ट वर्धेकडच्या वाचकासाठी. पाटणचे तुलसी मेहेर श्रेष्ठ यांना राणांनी देशाबाहेर जायला लावले. ते साबरमतीला गांधीजींजवळ जाऊन राहिले आणि सूत कातायला शिकून परत गेले. १९२६ च्या सुमारास त्यांनी काठमांडूत चरख्याची संस्था काढली. नाव ठेवले श्री चंद्र कामधेनु चर्खा प्रचारक महागुठी. त्यातला "चंद्र" म्हणजे पंतप्रधान स्वतः! बंदुकीला जो दरवाजा उघडला नाही तो चरख्याला उघडला, पण नावाचा टोल घेऊन. महागुठीच्या हातमागाच्या वस्तू आजही तिथे विकत मिळतात. घरी न्यायला याक-बैलाची मूर्ती आणण्यापेक्षा तिथला एखादा पंचा आणलेला बरा.

चंद्र शमशेराचा थाट पाहायचा तर सिंहदरबार. कृष्णरावाची भट्टी धुमसत होती त्याच दशकात, १९०८ च्या सुमारास, हा अवाढव्य पांढरा राजवाडा पुरा झाला. १९७३ साली त्याचा मोठा भाग जळाला. पुन्हा उभारून तिथे सरकारी कचेऱ्या राहिल्या, आणि सप्टेंबर २०२५ च्या तरुणांच्या उठावात तो पुन्हा पेटला. राजेशाही तर तिथे २००८ मध्येच संपली होती. बाहेरून पाहावा आणि पुढे जावे.

पशुपतिनाथाबद्दल मी फार सांगत नाही. ते तुम्हाला कोणीही सांगेल. एवढेच की मुख्य पूजेचे भट्ट दक्षिण हिंदुस्थानातून नेमण्याचा तिथे जुना प्रघात आहे, आणि आर्यघाटावर चिता जळत असतात, तिकडे छायाचित्राचे यंत्र रोखू नये. पाटण आणि भक्तपूर यांना एकेक दिवस हवा. तो विषय स्वतंत्र आहे.

असो. आमची मुले डोंगर करून सुखरूप परत आली. लुक्ल्याला एक दिवस अडकली, पण काठमांडूचे दीड दिवस त्यांच्या हाती लागले. चंद्रागिरी, मारुती, काष्ठमंडप, बेगमेची कबर, सगळे केले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टॅक्सी थांबवली आणि थापाथली सांगितले. थापाथलीला आज नेपाळ राष्ट्र बँकेची कचेरी आहे आणि मोठे प्रसूतिगृह आहे. खाली नदीकाठी जंगबहादुराने बांधलेले कालमोचन देऊळ, तेही २०१५ मध्ये पडले आणि पुन्हा उभारायला घेतलेले. बागमतीचे पाणी पाहवत नाही इतके काळे. टॅक्सीवाला सज्जन होता. दोन दाढी वाढलेली, उन्हाने रापलेली पोरे पाहून त्याने विचारले, बँकेत जायचे की प्रसूतिगृहात?

मोठा म्हणतो, "काका, आता त्याला काय सांगावं? आम्ही म्हटलं, आमच्या इकडची एक बाई राहत होती इथं, तिचं घर पाहाले आलो."

टॅक्सीवाल्याने विचारले, केव्हा राहत होती?

"दीडशे वर्षांच्या वर झाले," पोरगा म्हणाला. टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली, मीटर बंद केला आणि तोही त्यांच्याबरोबर नदीकडे उतरला.